पाचवीचा काळा दोरा

देवापुढे रोज दिवा लावायचा, पण देवाकडे मागायचं काही नाही, हा माझा अठ्ठावीस वर्षांचा नेम होता. लोकांना वाटायचं, बाई किती निरिच्छ आहे. खरं तर तो अबोला होता. एकाच घरात राहायचं, ताट वाढायचं, पण शब्द बोलायचा नाही, तसला. गेल्या वर्षी पितृपंधरवड्यात माझं ऑपरेशन झालं आणि त्यानंतरच्या दिवसांत जे घडलं, त्यानं तो अबोला सुटला. जे घडलं ते जसं आठवतं तसं लिहिते. त्याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही आणि आता तो लावायची घाईही नाही.

मी भिंगारला राहते आणि घरीच ब्लाऊज शिवते. पुढच्या खोलीत मशीन, मागे स्वयंपाकघर, मधली खोली झोपायची, एवढंच घर. दोन वर्षं माझ्या अंगावरून जात होतं. सुरुवातीला वाटलं, पाळी जायच्या वयात असं होतंच, मग वाटलं, उष्णता असेल, मग उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. सावेडीतल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं की गर्भपिशवीत गाठी आहेत आणि पिशवी काढलेली बरी. मी पितृपंधरवडा ठरवला, कारण तेव्हा लग्नं नसतात, कुणी नवीन कपडा शिवायला टाकत नाही, मशीन तशीही झाकूनच असते. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, या दिवसांत कुणी पोट उघडतं का? मी म्हटलं, पितरांना माझ्या पिशवीशी काय काम, ते खीर-वडे खाऊन जातील. माझी जीभ अशीच आहे.

ऑपरेशन नीट झालं. पाचव्या दिवशी घरी सोडताना डॉक्टरांनी तीनदा बजावलं की वजन उचलायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं आणि घरातल्या घरात रोज चालायचं, पडून राहायचं नाही. एक पाय सुजला, दुखला किंवा दम लागला तर त्याच पावली परत यायचं. माझी मुलगी पुण्याला नोकरी करते. ती दवाखान्यात सोबत होती, मला घरी पोचवून दुसऱ्या दिवशी परत गेली. आमचे हे लष्कराच्या एका कार्यालयात सिव्हिल नोकर आहेत. सकाळी आठला जातात, संध्याकाळी पाचला येतात. म्हणजे दिवसभर घरात मी आणि माझ्या सासूबाई.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या पाथर्डीकडच्या एका कोरडवाहू गावच्या. आजूबाजूच्या चार वस्त्यांची त्या सुईण होत्या. ऊसतोडीला गेलेल्या बायकांची पोरं फडावरच्या पाचटाच्या कोपीत जन्मायची, तरी निरोप आला की आत्या ट्रॅक्टरवर बसून जायच्या. त्यांच्या हातावर किती पोरं आली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. आता त्या ऐंशीच्या पुढे आहेत. एका डोळ्याला दिसत नाही, दोन्ही हात सारखे कापतात, लुगड्याची गाठसुद्धा मला मारून द्यावी लागते. आणि दोन वर्षांपासून त्यांना विसर पडायला लागला होता. आधी जेवलं की नाही हे विसरायच्या, मग नातीचं नाव, मग मामंजी जाऊन वीस वर्षं झाली हेही. मोकळ्या मनगटांकडे बघून त्या मला विचारायच्या, "माझा चुडा कुठं ठिवला गं?"

आता ती गोष्ट सांगायला हवी, जी मी कुणाला सांगत नाही. माझं पहिलं बाळंतपण सासरी आत्यांनीच केलं. मुलगा झाला. गोरा नव्हता, पण केस इतके की आत्या हसून म्हणाल्या होत्या, ह्यो जन्मताच कटिंगला आलाय. तिसऱ्या दिवशी त्याची बेंबी लाल झाली. नाळ पिकली. चौथ्या दिवशी तो दूध ओढेना, आणि नगरला न्यायला जीप मिळेपर्यंत माझ्या मांडीवरच गेला. दुसऱ्या दिवशी त्याची पाचवी व्हायची होती. आमच्याकडे पाचव्या दिवशी सटवाई पुजतात. पाट्यावर वरवंटा ठेवून हळदकुंकू वाहायचं, समोर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते. माझ्या बाळाचं कुणी काही लिहिलंच नाही.

गावात कुणीतरी कुजबुजलं की नाळेला बांधलेला दोरा मळका असेल. ते मी ऐकलं आणि मनात धरून ठेवलं. आत्यांना मी कधी विचारलं नाही, त्यांनीही कधी विषय काढला नाही. पण त्या वर्षापासून त्यांनी सुईणपण सोडलं. बोलावणं आलं की "माझ्या हातात आता बळ न्हाई" म्हणायच्या. मला वाटलं, ही कबुलीच झाली. मुलीच्या वेळी मी हट्टानं नगरच्या दवाखान्यात बाळंत झाले आणि आत्यांना जवळ येऊ दिलं नाही. त्यांची सेवा मी सगळी केली, त्यात कुणाला बोट दाखवायला जागा नाही. पण ती सेवाच होती, माया नव्हती.

दवाखान्यातून मी घरी आले तेव्हा पोट धरून, वाकून, ह्यांचा हात धरून उंबरा ओलांडला. आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि कुणाच्या आधाराशिवाय उठून उभ्या राहिल्या. दोन वर्षांत मी त्यांना असं उठताना पाहिलं नव्हतं. त्या जवळ आल्या, माझ्या पोटाकडे बघितलं आणि विचारलं, "बाळ कुठाय?"

आम्हाला आधी कळलंच नाही. मग ह्यांनी समजावलं की आई, ऑपरेशन झालंय, हिची पिशवी काढलीय. आत्यांनी ऐकून घेतलं आणि त्यांना म्हणाल्या, "तू बाहीर जा. बाप्यांनी थांबायचं न्हाई हितं." आणि त्या कामाला लागल्या. खिडकीला घोंगडी लावली, वारा लागू नये म्हणून. शेगडी पेटवायला लावून खाटेखाली ठेवली, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकल्या. माझं पाणी बंद झालं, ओल्या बाळंतिणीला गार पाणी चालत नाही म्हणून उकळलेलं घोट-दोन घोट. मी खाटेवरून पाय खाली सोडला की त्या ओरडायच्या, "भुईला पाय लावायचा न्हाई, सव्वा म्हयना!" संडासला जायचं तेवढं त्यांच्या खांद्याला धरून. ज्यांना स्वतःचा तोल सावरत नव्हता त्या मला सावरत होत्या.

आमचे हे मला म्हणाले, "चार दिवस ऐक तिचं. किती महिन्यांनी ती पोटभर जेवतेय, माणसात आलीय." मला डॉक्टरांचं सांगणं आठवत होतं. पण खरं सांगते, अंगात त्राण नव्हतं, आणि पडून राहा असं मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं. शहाणपणाचा आव आणणारी मी, मूर्खासारखी पडून राहिले. पिशवी काढलेल्या बाईला बाळंतीण करून बाजेवर घालायचं, ही चूक आमच्यासारख्याच घरात होऊ शकते.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाग आली तेव्हा माझ्या कुशीत काहीतरी ऊबदार होतं. हात लावला तर गाठोडं. मशीनखालच्या चिंध्या, अस्तराचे तुकडे, सगळं एका मऊ धडप्यात बाळासारखं गुंडाळलेलं, वर टोपडं घातल्यासारखा कोपरा दुमडलेला. शेगडीच्या शेकानं ते अगदी अंगासारखं कोमट झालं होतं. आत्या उशाशी बसून त्यावर हात फिरवत होत्या. "निजलंय," म्हणाल्या, "हळू बोल." मी ते गाठोडं भिरकावून दिलं आणि अठ्ठावीस वर्षं जे बोलले नव्हते ते बोलले. "मेलं ते. चौथ्या दिवशी मेलं. तुमच्या हातानं मेलं." आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्या उठल्या, कोपऱ्यातून गाठोडं आणलं, त्यावरची धूळ झटकली आणि पदराखाली घेऊन बसल्या. तासाभरानं पुन्हा तोच प्रश्न. "बाळ कुठाय?" त्यांना काही आठवत नव्हतं. मी बोललेलं मात्र माझ्याजवळच राहिलं.

तिसऱ्या दिवसापासून त्या कुणाशी तरी बोलायला लागल्या. माझ्या पायाकडच्या बाजूला, जिथं पत्र्याची पेटी आहे, तिकडे बघून. "ये. दमली असशील. बस." आणि स्वतःचे पाय आखडून जागा करून द्यायच्या. एकदा कप मागवून घेतला आणि चहा त्या पेटीवर ठेवला. मी विचारलं, "कोण आहे आत्या तिथं?" त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "अजून दोन दिस हायेत. पर ती आदीच आलीया." मी हसण्यावारी नेलं. पण त्यानंतर त्या पेटीकडे पाय करून झोपायला मला नको वाटायचं. पाय आखडून घ्यायचे. डाव्या पोटरीत गोळा आल्यासारखं दुखत होतं, ते त्या आखडण्यानंच असेल असं मी धरून चालले. आमच्या गल्लीत बाळंतिणींची मालिश करणाऱ्या शांताबाई आहेत. त्यांना ह्यांच्याकरवी निरोप पाठवला की एक दिवस येऊन पाय चोळून द्या.

घरी आल्यापासूनचा पाचवा दिवस. सकाळी हे ड्युटीला जाण्याआधी आत्यांनी त्यांच्याकडून मागच्या दारचा पाटा-वरवंटा आत आणून घेतला. मुलगा आईचा, आणून दिला मुकाट्यानं. मला वाटलं, दुपारपर्यंत विसरतील. पण त्या विसरल्या नाहीत. पाटा पायाकडे मांडला. माझ्या मापाच्या वहीतलं एक कोरं पान फाडलं, माझीच पेन्सिल त्यावर आडवी ठेवली. हळदकुंकू वाहिलं. घोंगडीच्या कडेतून उजेडाची एक फट येत होती, तिथं त्यांनी टॉवेल कोंबला. खोलीत मिट्ट काळोख झाला. मग दिवा लावला. "दिस मावाळला," म्हणाल्या. बाहेर बाराचं ऊन होतं. शेजारच्या पत्र्यावर कुणीतरी पित्रांचं पान ठेवलं होतं आणि कावळे एकसारखे ओरडत होते. मी दुखण्याची गोळी घेतली होती. डोळे जड झाले.

मग कावळे एकदम गप्प झाले. त्यानं मला जाग आली, की झोप लागली, हे मी आजही सांगू शकत नाही. बांगड्या वाजल्या. काचेच्या, हात भरून असल्यावर वाजतात तशा. माझ्या पायाशी कुणीतरी वाकलं होतं. ओले मोकळे केस पुढे आलेले, त्यामुळे तोंड दिसत नव्हतं, आणि दिव्याच्या उजेडात मनगटापासून वर हिरव्या बांगड्या. आत्या त्या वेळी माझ्या उशाशी होत्या, त्यांचा श्वास माझ्या कानाशी लागत होता, असं मला पक्कं वाटलं. पायाला हात लागला. गार, नुकताच पाण्यातून काढलेला. उजव्या घोट्याभोवती दोरा फिरला. मग दोन बोटं दोऱ्याच्या आत घालून ढील पाहिली. हे मला नेमकं कळलं, कारण मी माप घेताना तेच करते. दोन बोटं ढील, नाहीतर कपडा काचतो. मग डावा पाय. तिथंही दोन बोटं. तिथं तो हात जरा जास्त वेळ थांबला. मला ओरडायचं होतं, पण भीती वाटली म्हणून नव्हे. मला विचारायचं होतं, माझ्या बाळाचं का नाही लिहिलंस? आवाज फुटला नाही.

डोळे उघडले तेव्हा चार वाजून गेले होते. दिवा चालू होता, आत्या भिंतीला टेकून झोपल्या होत्या, मांडीवर गाठोडं. पाय उचलून बघायची माझी ताकद नव्हती. स्वप्न पडलं म्हणून मी सोडून दिलं आणि ह्यांनाही सांगितलं नाही. पायावर चादर होती, ती तशीच राहिली; संडासला उठले तेव्हाही पाय पायघोळ गाऊनखाली होते आणि मला खाली वाकता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास शांताबाई तेल कोमट करून घेऊन आल्या. अंगानं भरलेल्या, तोंडानं फटकळ, मला आवडतात. खोलीत शिरताच म्हणाल्या, "आवं, खिडकी तरी उघडा. माणूस हाय का लोणचं?" घोंगडी त्यांनी स्वतःच ओढून काढली. उजेड आला. त्यांनी माझ्या पायावरची चादर बाजूला केली आणि म्हणाल्या, "दोरं बांधलं व्हय? काढते, न्हाईतर तेलात भिजतील." म्हणजे दोरे खरेच होते. दोन्ही पायांत.

तेवढ्यात आत्या उठून आल्या. "त्या पायाला हात लावू नको," म्हणाल्या.

"आजी, नुस्तं चोळते. गोळा मोकळा हुईल."

"न्हाई. डावा पाय तिच्या नदरंखाली हाय. तिनं बांधलाय."

"कुनी बांधलाय?"

"लिव्हाया आली हुती ती." आणि आत्यांनी शांताबाईंचं मनगट धरलं. त्या धरलेल्या हाताकडे मी बघत राहिले, कारण तो कापत नव्हता.

शांताबाई थबकल्या, आणि मी उशी पाठीशी घेऊन कसंबसं माझ्या पायांकडे पाहिलं. उजव्या पायातला दोरा घोट्यावर सैल लोंबत होता. डाव्या पायातला मांसात रुतला होता. त्याच्या वर-खाली कातडी ताणून चकाकत होती. मी शांताबाईंना सांगितलं, बोट घालून बघा. उजवीकडे दोन बोटं आरामात गेली. डावीकडे नखही जाईना. पंचवीस वर्षं मी कापड आणि दोरा हाताळतेय. सुती दोरा पाण्यात भिजल्याशिवाय आटत नाही. दोरा आटला नव्हता. पाय वाढला होता.

मी मशीनवरची टेप मागितली. शांताबाई म्हणाल्या, "आता काय ब्लाऊज शिवता का पायाला?" त्यांच्याकडूनच दोन्ही पोटऱ्यांचं माप घेतलं. उजवी साडेबारा, डावी पावणेचौदा. सव्वा इंच. आणि हात लावला तर डावी तापलेली. डॉक्टरांचं शेवटचं वाक्य मला तेव्हा आठवलं, एक पाय सुजला तर त्याच पावली या. मी ह्यांना फोन लावला. बोलताना लक्षात आलं की मला मध्ये थांबून श्वास घ्यावा लागतोय.

हे वीस मिनिटांत रिक्षा घेऊन आले. मला खुर्चीत बसवून बाहेर नेलं. शांताबाई आत्यांजवळ थांबल्या. रिक्षात बसताना आत्या दारापर्यंत आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "जा. लिव्हलंय तिनं." काय लिहिलंय ते त्यांनी सांगितलं नाही. भिंगारहून सावेडीपर्यंतचा तो रस्ता मी हजारदा गेलेय. त्या दिवशी तो संपता संपेना. आयुष्यात दुसऱ्यांदा मी एखादा श्वास थांबतो का याकडे लक्ष देत होते. पहिल्यांदा तो माझ्या मांडीवरचा होता. सिग्नलला रिक्षा थांबली आणि मी अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मागितलं. वाचव एवढंही म्हणता आलं नाही. म्हटलं, तू जे लिहिलं असशील ते वाचायची ताकद दे.

पायाची सोनोग्राफी झाली. पोटरीपासून मांडीपर्यंत शिरेत रक्ताची गाठ झाली होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पाय चोळला नाही ना?" नाही म्हटल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला. चोळला असता तर गाठ सुटून फुफ्फुसात जाऊ शकली असती, म्हणाले. मग पडून राहिल्याबद्दल, पाणी न प्यायल्याबद्दल मला चांगलंच झापलं. मी खाली मान घालून ऐकलं. रक्त पातळ करायची इंजेक्शनं लगेच सुरू झाली.

वॉर्डात एक वयस्कर सिस्टर होत्या. त्या पायातले दोरे कापायला आल्या. डाव्या पायातल्या दोऱ्याखाली कात्रीचं टोक जाईना, म्हणून चष्मा वर करून त्या गाठीपाशी वाकल्या. "हे कोणी बांधलं?" म्हणाल्या. "ही नाळेची गाठ आहे. पूर्वी खेड्यात आमच्याकडे चिमटे नसायचे, तेव्हा आम्ही अशीच बांधायचो. दोन वेढे, मग उलटा फेरा. किती वर्षांनी पाहिली." त्यांनी दोरा कापून माझ्या हातात दिला. मी ती गाठ पाहिली आणि मला हुंदका आवरेना. चार दिवस माझ्या बाळाच्या बेंबीवर मी तीच गाठ पाहिली होती.

दोरा कोणी बांधला, याचा मी तिथं पडून पुष्कळ विचार केला. मी झोपेत बांधला म्हणावं, तर पोटावर टाके असताना मला पायापर्यंत वाकता येत नव्हतं, चप्पलसुद्धा हे घालायचे. आत्यांनी बांधला म्हणावं, तर त्यांना लुगड्याची गाठ मारता येत नाही, आणि काळ्या दोऱ्याचं रीळ मशीनच्या खणात असतं, तो खण अडकतो, मलाही दोन हात लावून ओढावा लागतो. शांताबाई आदल्या दिवशी आल्याच नव्हत्या. दाराला आतून कडी होती, संध्याकाळी आत्यांनीच ती ह्यांना काढून दिली होती. आणि बांगड्या? आमच्या घरात हिरवा चुडा कुणाच्याच हातात नाही. माझ्या हातातल्या ऑपरेशनच्या आधी काढून ठेवल्या होत्या. कधी वाटतं, त्या हातांना एका दुपारपुरतं सगळं आठवलं असेल. कधी वाटतं, कुणीतरी ते हात तेवढ्या वेळापुरते मागून घेतले असतील. यातलं कुठलंही खरं असलं तरी ते हात आत्यांचेच होते, ज्यांना मी अठ्ठावीस वर्षं खुनी ठरवलं होतं, आणि त्यांनीच मला वाचवलं.

घट बसले त्या दिवशी दुपारी मी घरी आले. ह्यांनी देव्हाऱ्यात घट मांडला होता, त्यांच्या पद्धतीनं, माती जास्त आणि धान्य कमी. मधल्या खोलीची खिडकी सताड उघडी होती. पाटा-वरवंटा परसात गेला होता. वहीतलं ते पान आत्यांनी उशीखाली जपून ठेवलं होतं, माझ्या हातात दिलं. दोन्ही बाजूंनी बघितलं. कोरं होतं. मी ते घडी घालून मशीनच्या खणात ठेवलं, काळ्या रिळाशेजारी, अजून तिथंच आहे.

आत्या पुन्हा पूर्वीसारख्या झाल्या होत्या, भिंतीला टेकलेल्या, हात कापणारे. पेटीकडे त्या आता बघत नव्हत्या. मांडीवर गाठोडं तेवढं होतं. मी भिंतीला धरून हळूहळू चालत त्यांच्यापाशी गेले आणि खुर्ची ओढून बसले. त्यांनी मान वर केली.

"बाळ कुठाय?"

"झोपलंय, आत्या," मी म्हटलं. "तुमच्या मांडीवर आहे. हळू बोला."

त्यांनी खाली बघितलं. चेहरा निवळला. मग माझ्याकडे झुकून, कुणी ऐकू नये अशा आवाजात त्यांनी विचारलं, "नाळ नीट हाय ना गं? म्या दोरा उकळून घेतला हुता. दोनदा उकळला. द्येवाशपत."

अठ्ठावीस वर्षं हा प्रश्न त्यांच्या पोटात होता. सगळं विसरल्या, नवरा गेलेला विसरल्या, हा विसरल्या नाहीत. मी एकदाही विचारलं असतं, तर त्यांनी तेव्हाच सांगितलं असतं. मी देवाशी अबोला धरला, पण त्याची शिक्षा या बाईनं भोगली. मी त्यांचे दोन्ही हात माझ्या हातांत घेतले. लग्न होऊन आल्यावर त्यांनी माझा हात धरून उंबरा ओलांडायला लावला होता, त्यानंतरच्या काही वर्षांतच मी हे हात सोडले होते. ते बराच वेळ माझ्या हातांत कापत राहिले.

"नीट आहे आत्या," मी म्हटलं. "सुकून पडली आपोआप. बेंबी छान झालीय."

"व्हय?" त्या म्हणाल्या, आणि भिंतीला मान टेकून त्यांनी डोळे मिटले.

त्यानंतर त्यांनी बाळाचं कधी विचारलं नाही. मी औषधं घेतेय, रोज गल्लीच्या टोकापर्यंत चालतेय, मशीन पुन्हा सुरू झालीय. दिवा लावते तेव्हा आता हात जोडून थोडा वेळ थांबते. मागते असं नाही. माझ्या हाताला जिथवर वाकता येत नाही तिथं कुणीतरी गाठ मारून ठेवलेली असते, एवढं मला कळलंय, आणि ती गाठ कुणाच्या हातानं मारावी हे ठरवणारी मी कोण?